शंभरातली अकरा मुलं

सप्टेंबर २०२०. कोरोनामुळे शाळा बंद होऊन सहा महिने झाले होते. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीने ग्रामीण भारतातल्या पालकांना फोन करून विचारलं, की गेल्या आठवड्यात तुमच्या मुलाने नेमका काय अभ्यास केला? २६ राज्यं आणि ४ केंद्रशासित प्रदेशांमधल्या ५२ हजारांहून अधिक घरांतून उत्तरं आली. शंभरातल्या साधारण ६० मुलांनी पाठ्यपुस्तक उघडलं होतं. ३५ मुलांनी स्वाध्यायपत्रिका सोडवल्या होत्या. व्हिडिओ किंवा आधी चित्रित केलेले तास २१-२२ मुलांनी पाहिले होते. आणि पडद्यावर बाई किंवा सर दिसताहेत, त्यांनी विचारलं तर आपल्याला उत्तर देता येतंय, असा थेट ऑनलाइन वर्ग फक्त ११ मुलांना मिळाला होता.

'ऑनलाइन वर्गात मुलांचं लक्षच लागत नाही' ही त्या दोन वर्षांतली घरोघरची तक्रार. तक्रार खरीच होती. पण तिचा विचार करताना हा ११ चा आकडा डोळ्यांसमोर हवा. उरलेल्या ८९ मुलांचं लक्ष लागतं की नाही हे पाहायला वर्गच नव्हता. त्यातही ही पाहणी फोनवरून झालेली. ज्या घरात कसलाच फोन नव्हता, ते घर तिच्यात आलंच नाही. म्हणजे खरी स्थिती या आकड्यांपेक्षा वाईटच असणार.

शाळाबंदीचा आवाका केवढा होता तेही सांगायला हवं. युनेस्कोच्या हिशेबाने ऐन भरात १९० हून अधिक देशांमधले सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी बसले होते. भारतात युनिसेफने हा आकडा २४.७ कोटी दिला आहे. महाराष्ट्रात मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद झाल्या. वरचे वर्ग नोव्हेंबरमध्ये काही ठिकाणी उघडले, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद पडले, आणि पहिली-दुसरीची मुलं वर्गात परतली ती थेट डिसेंबर २०२१ मध्ये. जानेवारी २०२२ मध्ये शाळांना पुन्हा काही दिवस कुलूप लागलं. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलाने शाळेचा फळा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते दुसरीत होतं.

या काळात सगळ्यांचा भर एकाच गोष्टीवर होता, घरात स्मार्टफोन आहे की नाही. आणि कुटुंबांनी त्यासाठी खरोखर पोटाला चिमटा काढला. 'असर'च्या २०१८ च्या पाहणीत शाळेत नाव असलेल्या ३६.५ टक्के ग्रामीण मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्के झालं, २०२१ मध्ये ६७.६. टाळेबंदीनंतर दहातल्या साधारण एका घराने नवा फोन घेतला होता, तोही रोजगार बुडालेला असताना.

पण घरात फोन असणं वेगळं आणि मुलाच्या हातात फोन असणं वेगळं. २०२१ च्या पाहणीने हाही प्रश्न विचारला. स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या २६ टक्के मुलांना तो कधीच वापरायला मिळत नव्हता, जवळपास निम्म्यांना अधूनमधून मिळत होता, आणि हवा तेव्हा मिळणारी मुलं होती सुमारे २७ टक्के. हे २७ टक्के त्या ६७.६ मधले. गुणाकार केला तर शंभर ग्रामीण मुलांमागे जेमतेम १८ मुलं उरतात.

बाकीच्यांचा दिवस कसा जायचा ते पाहू. सकाळी साडेनऊला चौथीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाई भागाकाराचा व्हिडिओ टाकतात, त्याखाली पाच गणितं. त्या वेळी फोन बाबांच्या खिशात असतो आणि बाबा कामावर. ते सातला घरी येतात तोवर ग्रुपवर इतरांच्या वह्यांचे फोटो, अंगठे, 'गुड मॉर्निंग' असे चाळीस-पन्नास मेसेज साठलेले असतात. दिवसाचा दीड जीबी डेटा संपत आलेला असतो. दहावीतल्या ताईलाही तोच फोन हवा असतो आणि तिचं वर्ष महत्त्वाचं म्हणून आधी तिला मिळतो. धाकट्याच्या हातात तो येतो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. व्हिडिओ उघडतो, फिरत राहतो, थांबतो. दुसऱ्या दिवशी बाई लिहितात, 'काही विद्यार्थी अजिबात प्रतिसाद देत नाहीत.' या मुलाला अभ्यासाची गोडी नाही असं म्हणायला माझं मन धजत नाही.

२०२० च्या त्याच पाहणीतला आणखी एक आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. त्या आठवड्यात शाळेकडून काहीतरी अभ्यास मिळालेली मुलं होती शंभरात ३६. ज्यांना मिळाला नाही त्यांच्या पालकांना कारण विचारलं. स्मार्टफोन नाही, असं सांगणारे होते सुमारे २४ टक्के. शाळेने काही पाठवलंच नाही, असं म्हणणारे सुमारे ६८ टक्के. फोन नसण्याची अडचण मोठी होतीच, पण जवळजवळ तिप्पट पालक सांगत होते की पलीकडून कुणी काही विचारलं नाही, कुणी काही धाडलं नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्यं व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमध्ये जाऊन सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. महाराष्ट्रही तिच्यात होता. ही फक्त वंचित वस्त्यांची पाहणी आहे, म्हणून तिचे आकडे 'असर'च्या शेजारी ठेवून थेट तुलना करू नये. पण चित्र एकाच दिशेचं आहे. नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं शहरी वस्त्यांत २४ टक्के, गावांत ८ टक्के. गावातली ३७ टक्के मुलं कसलाही अभ्यास करत नव्हती. आणि ज्या घरांत स्मार्टफोन होता, त्या घरांतही नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं शहरात ३१ टक्के, गावात फक्त १५ टक्के. म्हणजे गावात फोन येऊनही शंभरातली ८५ मुलं नियमित ऑनलाइन शिकत नव्हतीच.

फोन, वीज, इंटरनेट हे सगळं व्यवस्थित असतं तर? त्याचं उत्तर नेदरलँड्समध्ये मिळतं. घरोघरी वेगवान इंटरनेट असलेल्या जगातल्या अग्रेसर देशांपैकी हा एक. तिथे २०२० मध्ये प्राथमिक शाळा फक्त आठ आठवडे बंद होत्या. साडेतीन लाख मुलांचे परीक्षांचे निकाल तपासून अभ्यासकांनी निष्कर्ष काढला, की सरासरी मुलाची घरी बसून प्रगती जवळपास झालीच नाही. आणि कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचं नुकसान इतरांपेक्षा साठ टक्क्यांपर्यंत अधिक होतं. तार तीच, पडदा तोच, धडाही तोच, तरी मुलाशेजारी कोण बसलं आहे यावर एवढा फरक पडला.

आता खुद्द मुलाच्या मनाकडे येऊ. नऊ-दहा वर्षांचं मूल एकट्याने पडद्यासमोर तासन्तास टिकेल, ही अपेक्षा आपण कशाच्या जोरावर केली? मोठी माणसं टिकतात का? हार्वर्ड आणि एमआयटी यांनी मोफत खुल्या केलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा हिशेब २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक अभ्यासक्रमाचं पहिलं पान उघडायलाही आले नव्हते. २०१७-१८ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण होतं ३.१३ टक्के. ही सगळी जाणती, स्वतःच्या मर्जीने आलेली माणसं. त्याच वर्षी पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नोंदणी केलेल्यांत मात्र ४६ टक्के लोकांनी शेवट गाठला. काहीतरी पणाला लागलेलं असलं की माणूस टिकतो. आपल्या मुलांचं काय पणाला लागलं होतं? परीक्षा रद्द होती, मित्र दिसत नव्हते, वहीवर लाल शाईची खूण नव्हती, 'शाब्बास' म्हणणारा आवाज नव्हता.

व्हिडिओबद्दलचं एक संशोधन प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावं असं आहे. २०१४ मध्ये 'एडएक्स' या व्यासपीठावरच्या ६९ लाख व्हिडिओ-बैठकांची तपासणी झाली. व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षक साधारण सहा मिनिटांपर्यंतच रमतो असं दिसलं. आपल्याकडे मात्र पस्तीस मिनिटांचा तास जसाच्या तसा चित्रित करून ग्रुपवर टाकला गेला. याच विषयावर हार्वर्डमध्ये २०१३ साली एक छोटा प्रयोग झाला. एकवीस मिनिटांचं व्याख्यान पडद्यावर दाखवायचं होतं. एका गटाला मधेमधे थांबवून छोटे प्रश्न विचारले, दुसऱ्याला विचारले नाहीत. प्रश्न विचारलेल्या गटाचं मन भरकटण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं, त्यांनी टिपणं जास्त काढली आणि शेवटच्या चाचणीत त्यांना गुणही चांगले पडले. खडू-फळ्याच्या वर्गात जुनी शिक्षक मंडळी दर पाच मिनिटांनी 'काय रे, सांग बरं आता' म्हणत असत, ते याचसाठी. ऑनलाइन वर्गात सगळ्यांचे माइक म्यूट केले आणि नेमकी हीच गोष्ट गेली.

शिक्षकांना हे कळत होतं. अझीम प्रेमजी फाउंडेशनने २०२० मध्ये पाच राज्यांतल्या १,५०० हून अधिक सरकारी शिक्षकांशी बोलून अहवाल काढला. ऑनलाइन वर्गात मुलांशी भावनिक नातं राखणं अशक्य आहे, असं ८० टक्क्यांहून अधिक शिक्षक म्हणाले. मुलाला काय आलं आणि काय नाही याची अर्थपूर्ण पारख करता येत नाही, असं सांगणारे ९० टक्के. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचतो. वर्ग घेणाऱ्या दहातल्या नऊ माणसांना समोरच्या मुलाला काय समजलं याचा अंदाज नाही, तर त्या मुलाला आपल्याला समजून घेतलं जातंय असं कसं वाटणार?

महाराष्ट्रात प्रयत्न कमी झाले नाहीत, हे नमूद करायला हवं. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज व्हॉट्सॲपवरून पाठवली. सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. तिची मांडणी फळ्यासमोरच्या व्याख्यानाची नव्हती. घर, अंगण, परिसर यांतून शिकण्याची होती, आणि म्हणून ती अनेक घरांत आवडीने पाहिली गेली. नागपूर आकाशवाणीवर 'शाळेबाहेरची शाळा' चालली. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यासाठी हे सगळं मोलाचं होतं. पण दूरदर्शन आणि रेडिओ बोलतात, ऐकत नाहीत. जिथे शिक्षक स्वतः पाड्यावर गेले, ओट्यावर किंवा पारावर पाच-सात मुलांना अंतराने बसवून शिकवू लागले, तिथे मुलं वाट पाहत बसायची. त्याची आकडेवारी कुणी ठेवली नाही, पण ज्यांनी ते केलं त्यांना ते ठाऊक आहे. सिंधुदुर्गात एका मुलीने घरी रेंज मिळत नाही म्हणून डोंगरावरच्या झोपडीत बसून ऑनलाइन तास केले, त्याचं सर्वत्र कौतुक झालं. कौतुक तिचं करावंच. व्यवस्थेचं मोजमाप मात्र अशा एका मुलीवरून करू नये.

मग कशाने मुलं टिकली, याचा ठोस पुरावा आहे का? आहे, आणि तो जरा अनपेक्षित ठिकाणाहून येतो, आफ्रिकेतल्या बोट्सवानातून. तिथे २०२० मध्ये शाळा बंद होताच तिसरी ते पाचवीच्या मुलांच्या सुमारे साडेचार हजार घरांवर एक प्रयोग झाला. इंटरनेट नको, स्मार्टफोनही नको, साधा फोन पुरे. एका गटाला दर आठवड्याला गणिताची उदाहरणं एसएमएसने गेली. दुसऱ्या गटाला एसएमएस आणि त्यासोबत आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटांचा फोन. फोन करणारा शिक्षक पालकाला सांगायचा, मुलाला बोलवा आणि स्पीकर चालू करा. मग तिघं मिळून ते उदाहरण सोडवायचे. नुसत्या एसएमएसचा ठळक फायदा दिसला नाही. फोन जोडल्यावर मात्र साधी बेरीजही न येणाऱ्या मुलांचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं.

हाच प्रयोग पुढे भारत, केनिया, नेपाळ, फिलिपिन्स आणि युगांडा या पाच देशांत सोळा हजारांहून अधिक मुलांवर झाला. आठ आठवडे, आठवड्याला वीस मिनिटांचा फोन. शंभर मुलं गणितातल्या प्रगतीच्या क्रमाने उभी केली, तर बरोबर मधलं मूल या फोनमुळे सुमारे बारा ते चौदा जागा पुढे सरकलं. शिक्षणातल्या प्रयोगांमध्ये एवढा फरक क्वचित दिसतो. सरकारी शिक्षकांनी फोन केले तिथेही परिणाम तितकाच चांगला राहिला. इटलीत २०२० च्या वसंत ऋतूत विद्यापीठातल्या स्वयंसेवक विद्यार्थ्यांनी गरीब घरांतल्या माध्यमिक शाळेच्या मुलांना आठवड्याला तीन तास, एका वेळी एकालाच, ऑनलाइन शिकवलं. तिथे मधलं मूल साधारण दहा जागा पुढे गेलं, आणि त्याची उमेद व मनःस्थितीही सुधारल्याचं नोंदवलं गेलं. इटलीतलं साधन ऑनलाइनच होतं, हे विसरू नये. पडदा तोच, फक्त पलीकडचा माणूस एका मुलासाठी बसलेला होता.

आपल्या पालकांना हे कुणी न सांगता कळलं होतं, असं मी म्हणतो ते शिकवण्यांच्या आकड्यांवरून. ग्रामीण भारतात शिकवणीला जाणारी मुलं २०१८ मध्ये २८.६ टक्के होती, २०२१ मध्ये ३९.२ टक्के. ही वाढ सर्वांत जास्त दिसली ती कमी शिकलेल्या आई-वडिलांच्या घरांत, १२.६ टक्के बिंदूंची. रोजंदारी बुडालेल्या माणसाने पदरचे पैसे मोडून गल्लीतल्या ताईकडे मुलाला पाठवलं, कारण ती ताई समोर बसते आणि वही तपासते. घरच्यांनीही हात दिला. २०२० मध्ये सुमारे तीन चतुर्थांश मुलांना घरातल्या कुणीतरी अभ्यासात मदत केली होती. आई-बाप पाचवीच्या पुढे गेलेले नाहीत अशा घरांतही निम्म्याहून अधिक मुलांना मदत मिळाली, बहुतेकदा मोठ्या बहीण-भावांकडून.

काही आकड्यांवर मात्र विसंबू नये. महाराष्ट्रात दहावीचा निकाल २०२० मध्ये ९५.३० टक्के होता, २०२१ मध्ये परीक्षा न होता अंतर्गत मूल्यमापनावर तो ९९.९५ टक्के लागला. ऑनलाइन हजेरीच्या नोंदीही तशाच. कॅमेरा बंद, नाव पटावर. खरं मोजमाप वाचनाने होतं. दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुलं ग्रामीण भारतात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के राहिली. शाळा नियमित सुरू झाल्या आणि २०२४ मध्ये हे प्रमाण पुन्हा २७.१ वर आलं. वजाबाकीत तर मुलं २०१८ च्याही पुढे गेली, २८.२ वरून ३३.७ टक्के. दरम्यान २०२४ पर्यंत १४ ते १६ वयाच्या जवळपास नव्वद टक्के ग्रामीण मुलांच्या घरी स्मार्टफोन पोचला होता. तो वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोनचा तुटवडा बहुतांशी संपला, तरी अभ्यासाकडे ओढ आपोआप आलेली नाही.

शेवटी एक हिशेब मांडतो. जुलै २०२० च्या केंद्राच्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला जास्तीत जास्त दोन ऑनलाइन तास सांगितले होते, प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांचे. आठवड्याचे सहा दिवस धरले तर शिक्षकाचे सहा ते नऊ तास. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक वर्गात एका शिक्षकामागे तीस मुलं. प्रत्येकाला आठवड्यातून एकदा वीस मिनिटांचा फोन केला तर होतात सहाशे मिनिटं, म्हणजे दहा तास. जवळजवळ तेवढाच वेळ. साठ मुलांचा वर्ग असेल तर हा हिशेब कोलमडतो, आणि तिथे पाच-पाच मुलांचे गट करून बोलावं लागेल. शिक्षकांना त्या काळात चेकपोस्टवर उभं केलं, घरोघरच्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सर्वेक्षणाला जुंपलं, हेही खरं. पण वेळच नव्हता, हे कारण आकड्यांत बसत नाही. वेळ कुठे घालवायचा हा निर्णय चुकला.

शाळा पुन्हा कधीच बंद होणार नाहीत असं समजण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीचे वर्ग हवेच्या प्रदूषणामुळे ऑनलाइन गेलेच. आपल्याकडे दर पावसाळ्यात शाळांना सुट्टी द्यावी लागते, ती कधी लांबेल सांगता येत नाही. मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना विनंती एवढीच, की जूनमध्ये पट भरताना पालकांच्या फोन नंबरापुढे आणखी एक रकाना आखा आणि त्यात लिहा, हा फोन घरी किती वाजता असतो. पुन्हा शाळा बंद झालीच, तर पहिल्या आठवड्यात व्हिडिओ पाठवण्याआधी त्या वेळेला त्या घरी फोन करा आणि मुलाला बोलवायला सांगा.